च्युइंग गम: घड्याळ लावून चघळायची वस्तू

तोंड जरा जास्त उघडलं की माझ्या उजव्या कानाजवळ ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. जांभई दिली तर शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो. मुद्रितशोधन करताना डोळा लागू नये म्हणून सकाळी एक गम तोंडात टाकायचा, चव गेली की दुसरा, असं काही वर्षं चाललं, त्याची ही खूण. दंतवैद्यांनी विचारलं, “दिवसाला किती चघळता?” मी म्हटलं, “सहा-सात गोळ्या.” ते म्हणाले, “गोळ्या नका सांगू, मिनिटं सांगा.” मिनिटं मी कधी मोजलीच नव्हती. तिथेच बसून हिशेब केला तर तो पाच तासांच्या वर गेला.

पुढे गमबद्दल जे जे वाचलं, त्यात ही मिनिटंच पुन्हा पुन्हा भेटली. दातांना होणारा फायदा वीस मिनिटांत पदरात पडतो. मेंदूला तरतरी यायला पाच मिनिटं पुरतात. जबडा, डोकं आणि पोट यांच्या तक्रारी मात्र तासांच्या हिशेबाने सुरू होतात. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या घड्याळाच्या अंगाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: पाकीट उलटं करा

गममध्ये एक न विरघळणारा गाभा असतो, त्याला गम बेस म्हणतात. बाकी सगळं, म्हणजे गोडी, स्वाद, मऊपणा आणणारे पदार्थ, लाळेबरोबर पोटात जातं. हा गाभा पूर्वी झाडांकडून यायचा. सुमारे ५,७०० वर्षांपूर्वी आजच्या डेन्मार्कमध्ये कुणीतरी बर्च झाडाच्या सालीपासून केलेलं डांबर चघळून टाकून दिलं होतं. २०१९ मध्ये संशोधकांनी त्या चोथ्यातून चघळणाऱ्या स्त्रीचा संपूर्ण जनुकसंच वाचून दाखवला. मध्य अमेरिकेतले माया लोक चिकूच्या झाडाचा चीक आटवून चघळत. त्या चिकाचं तिकडचं नाव ‘चिकले’. आपल्या ‘चीक’ आणि ‘चिकू’ या दोन्ही शब्दांच्या इतकं जवळचं, की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मुद्रणदोषच वाटला. न्यूयॉर्कच्या थॉमस ॲडम्स यांनी या चिकापासून रबर करायचा खटाटोप केला, तो फसला, आणि १८७१ मध्ये त्यांनी गम बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं.

आजचा गाभा बहुतेक वेळा कृत्रिम बहुवारिकांचा (पॉलिमरचा) असतो. त्यातलं पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हे सुतारकामातल्या पांढऱ्या गोंदातही वापरतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोजलं, तेव्हा एक ग्रॅम गममधून लाळेत सरासरी १०० सूक्ष्म प्लास्टिककण आले, काही नमुन्यांत तर ६०० पर्यंत. ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे गमही यातून सुटले नाहीत. उपयोगाची गोष्ट अशी, की यातले ९४ टक्के कण पहिल्या ८ मिनिटांतच बाहेर पडले. म्हणजे चव गेली म्हणून दर दहा मिनिटांनी नवी गोळी उघडणं हा सगळ्यात वाईट मार्ग. एकच गोळी वीस मिनिटं चघळा आणि थांबा.

पाकिटावर तीन गोष्टी बघा. साखर आहे का? असेल तर पाकीट परत ठेवा, कारण दातांसाठी असा गम म्हणजे अर्धा तास चोखलेली गोळी. गोडीसाठी काय घातलंय? झायलिटॉल यादीत पहिलं असेल तर उत्तम. सॉर्बिटॉल असेल तर चालेल, पण त्याची पोटाशी असलेली कुरबूर पुढे सांगतो. तिसरी गोष्ट कॅफीन किंवा निकोटीन. ही असतील तर तो गम उरलाच नाही, ते मात्रा मोजून घ्यायचं द्रव्य झालं.

ॲस्पार्टेमचं नाव वाचून काही जण दचकतात. जुलै २०२३ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला ‘कदाचित कर्ककारक’ या गटात टाकलं, पण त्याच वेळी तज्ज्ञ समितीने वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. दोन-चार गोळ्यांनी माणूस त्या मर्यादेच्या आसपासही पोचत नाही. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र तो पूर्ण टाळायचा.

दुसरी पायरी: जेवल्यावर वीस मिनिटं

जेवण झालं की दातांवरच्या थरातले जिवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थांवर ताव मारतात आणि आम्ल तयार करतात. सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (pH), ५.५ च्या खाली घसरला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातली खनिजं विरघळू लागतात. काहीच केलं नाही तर हा सामू जागेवर यायला अर्धा ते एक तास जातो. यावर उतारा तोंडातच आहे, लाळ. स्वस्थ बसलेलं असताना ती मिनिटाला जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिलीटर स्रवते. गम चावायला लागताच पहिल्या काही मिनिटांत हे प्रमाण दहापटीपर्यंत जातं आणि चव ओसरल्यावर दोन-तीन पटींवर स्थिरावतं. शिवाय या जादा लाळेत आम्ल मारणारं बायकार्बोनेटही जास्त असतं.

म्हणून करायचं ते एवढंच: जेवण किंवा गोड खाणं झाल्यावर पाच-दहा मिनिटांच्या आत शुगर-फ्री गम तोंडात टाका, फोनवर वीस मिनिटांचा गजर लावा, वाजला की थुंका. दात घासण्याला हा पर्याय नाही. दोन दातांमधली फट गमने साफ होत नाही, उलट गमचा तुकडाच तिथे अडकू शकतो. रात्रीही याचा उपयोग नाही. झोपेत लाळ आटते, म्हणून निजण्यापूर्वी ब्रशच हवा.

एक ठिकाण असं आहे जिथे गम ब्रशपेक्षा सरस ठरतो. लिंबाचं सरबत किंवा कोला प्यायल्यावर दाताचं आवरण तात्पुरतं मऊ पडलेलं असतं, लगेच घासलं तर ते झिजतं. तेव्हा आधी वीस मिनिटं गम, ब्रश नंतर.

झायलिटॉलचं नाव फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या १९७० च्या दशकातल्या अभ्यासांनी झालं. दात किडवणारे जिवाणू ही साखरेसारखी दिसणारी वस्तू आत घेतात, पण तिच्यापासून आम्ल करू शकत नाहीत. अभ्यासांत फायदा दिसला तो दिवसाला साधारण ५ ते ६ ग्रॅम, तीन वेळांत विभागून घेतल्यावर. एका गोळीत सहसा एक ग्रॅम किंवा त्याहून कमी असतं. २०२४ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवलं, की ३० ग्रॅम झायलिटॉल घातलेलं पेय प्यायल्यावर रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) जास्त लवकर गुठळी धरायला लागतात. तीस ग्रॅम म्हणजे गमची पाकिटंच्या पाकिटं, तरी हृदयविकार असलेल्यांनी झायलिटॉलची बिस्किटं, चॉकलेटं आणि गम यांची बेरीज करून बघावी.

तिसरी पायरी: मेंदूसाठी, पण कामाच्या आधी

या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि सगळ्यात जास्त मजाही. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगात गम चघळणाऱ्यांना शब्दांची यादी जास्त चांगली आठवली. बातम्या झाल्या, ‘गमने स्मरणशक्ती वाढते’ हे वाक्य जगभर फिरलं. मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि अनेकांना काहीच सापडलं नाही. खरं काय, असं विचारलं तर उत्तर पुन्हा घड्याळात आहे.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लॉरेन्स विद्यापीठात विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने परीक्षेच्या आधी पाच मिनिटं गम चघळून टाकून दिला, दुसरा परीक्षा चालू असताना चघळत राहिला. आधी चघळणाऱ्यांची कामगिरी सुधारली, पण १५ ते २० मिनिटांपुरतीच. परीक्षेत चघळत राहणाऱ्यांना फायदा झाला नाही. चावण्याने हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाहही; ही तरतरी चघळणं थांबवल्यावर थोडा वेळ टिकते. चालूच ठेवलं तर जबडा हलवायचं कामही मेंदूलाच करावं लागतं, आणि मिळालेलं तिथेच खर्ची पडतं.

पाठांतराच्या वेळी तर गम थेट आडवा येतो. फोन नंबर किंवा पाढा लक्षात ठेवताना आपण तो मनातल्या मनात पुटपुटत असतो. ओठ हलले नाहीत तरी जीभ आणि जबडा हलवणारी यंत्रणा त्या कामात गुंतलेली असते. कार्डिफ विद्यापीठातल्या २०१२ च्या अभ्यासात गम चघळणाऱ्यांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवणं अवघड गेलं, ते याचमुळे. गंमत म्हणजे पाठांतराचा घात करणारी हीच गोष्ट डोक्यात अडकलेलं गाणं घालवते. रेडिंग विद्यापीठात २०१५ मध्ये लोकांना कानात बसेल असं गाणं ऐकवून मग गम दिला, तर ते गाणं मनात कमी वेळा घुमलं. मनातलं गाणंही आपण पुटपुटतच असतो, तोंड दुसऱ्या कामाला लावलं की त्याला वाट राहत नाही. मी हे स्वतः करून पाहिलंय. जाहिरातीतल्या एका ओळीने दोन दिवस पिच्छा पुरवला होता, ती गेली.

तिसरा प्रकार कंटाळवाण्या, लांब कामाचा. कार्डिफमध्येच आणखी एका प्रयोगात लोकांना अर्धा तास आकडे ऐकत बसवलं आणि ठरावीक क्रम आला की ओळखायला सांगितलं. सुरुवातीला गम नसलेले किंचित पुढे होते. वेळ जाईल तसे ते ढेपाळले, आणि गमवाले टिकून राहिले.

यावरून मी माझ्यापुरता असा नेम धरला आहे. परीक्षा, मुलाखत, बैठक असेल तर आधी पाच मिनिटं, आणि दारात पाऊल टाकण्यापूर्वी कागदात गुंडाळून बाहेर. घोकायचं, आकडे किंवा क्रम लक्षात ठेवायचा असेल तर तोंड रिकामं. आणि मुद्रितशोधनासारखं रटाळ काम असेल तर अर्धा तास उलटून जांभया सुरू झाल्यावर एकदा वीस मिनिटं, पहिल्या मिनिटापासून नाही. मी वर्षानुवर्षं नेमकं उलटं करत होतो.

कॅफीन असलेला गम वेगळा धरा. त्यातलं कॅफीन गालाच्या आतल्या त्वचेतूनही शोषलं जातं, त्यामुळे कॉफीपेक्षा लवकर चढतं. अमेरिकी सैन्यासाठी बनवलेल्या अशा गमच्या एका गोळीत १०० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे साधारण एक कप कॉफी. संध्याकाळी नको.

चौथी पायरी: जबडा सांभाळा

कानासमोरचा जबड्याचा सांधा बोलणं, गिळणं, जांभई देणं अशी कामं दिवसभर करतच असतो. खरं तर ओठ मिटलेले आणि दात एकमेकांपासून किंचित सुटे, ही त्याच्या विश्रांतीची अवस्था. गम ही विश्रांतीच काढून घेतो. म्हणून चावताना दर काही मिनिटांनी बाजू बदला. बहुतेकांची एक लाडकी दाढ असते, आणि त्याच बाजूचा सांधा आधी कुरकुरतो. गोळी छोटी असू द्या. फुगे क्वचितच फुगवा.

आरशासमोर एक तपासणी करता येते. दोन्ही कानांसमोर बोटं टेकवून तोंड सावकाश उघडा. टक् आवाज येतो का? हनुवटी एका बाजूला वळते का? आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात मावतात का? दुखत असेल, बोटं मावत नसतील किंवा जबडा मध्येच अडकत असेल, तर गम बंद आणि दंतवैद्यांची भेट. नुसताच आवाज, दुखणं नाही, तर घाबरायचं कारण नाही, पण ती सूचना समजा.

जबडा कोरीव दिसावा म्हणून रबरासारखे कडक गम विकले जातात, त्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. चावण्याने गालामागचा स्नायू वाढतो, त्यामुळे चेहरा खालून रुंद दिसू शकतो. हाड बदलत नाही आणि हनुवटीखालची चरबीही जात नाही. २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना चक्क लाकडी पट्टी चावायला दिली, तर गम चावणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मेंदूत ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य जास्त वाढलेलं दिसलं. तेवढ्यावरून पेन्सिली कुरतडू नका. दाताला गेलेला तडा भरून येत नाही.

वारंवार डोकं दुखणाऱ्यांनी, विशेषतः किशोरवयीन मुलामुलींनी, एक प्रयोग जरूर करावा. २०१४ च्या सुमाराला इस्राएलमधल्या डॉक्टरांनी रोज गम चघळणाऱ्या आणि जुनाट डोकेदुखी असलेल्या ३० मुलांना महिनाभर गम बंद करायला लावला. १९ जणांची डोकेदुखी पूर्ण थांबली, ७ जणांची कमी झाली, आणि पुन्हा चघळायला लागणाऱ्यांची परत आली. अभ्यास छोटा आहे, पण गोळ्या आणि तपासण्यांच्या आधी महिनाभर गम सोडून पाहायला काय जातं?

पाचवी पायरी: पोटाचं ऐका

गमबरोबर आपण हवाही गिळतो. ढेकर, पोटफुगी, गॅसेस यांचा त्रास असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. दुसरा संशय सॉर्बिटॉलवर. ते आतड्यात नीट शोषलं जात नाही आणि पाणी ओढून घेतं. २००८ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांनाही जुनाट जुलाब होते आणि तरुणीचं वजन ११ किलोंनी तर पुरुषाचं २२ किलोंनी उतरलं होतं. तपासण्यांवर तपासण्या झाल्या. शेवटी कारण निघालं शुगर-फ्री गम: तिच्या पोटात रोज १८ ते २० ग्रॅम सॉर्बिटॉल जात होतं, त्याच्या सुमारे ३० ग्रॅम. ते बंद केल्यावर दोघंही बरी झाली. आतड्याच्या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा गमचा उल्लेख करायला विसरू नका, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आम्लपित्तात जेवणानंतर अर्धा तास गम चघळल्याने बरं वाटू शकतं, कारण वारंवार गिळलेली लाळ अन्ननलिका धुऊन काढते. फक्त पुदिन्याचा स्वाद नको. पुदिना अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करतो.

गिळलेला गम सात वर्षं पोटात राहत नाही. गाभा पचत नाही, पण इतर न पचणाऱ्या वस्तूंसारखा तोही दोन-तीन दिवसांत बाहेर पडतो. अपवाद रोज गिळणाऱ्या लहान मुलांचा. आतड्यात गमचा गोळा होऊन अडथळा झालेल्या मुलांची उदाहरणं १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहेत.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी लवकर जागी व्हावीत म्हणून काही रुग्णालयांत गम चघळायला देतात. शरीराला जेवण चालू आहे असं वाटतं आणि पचनाची हालचाल सुरू होते. हे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. भूल देण्याआधी तोंडात गम असेल तर तसं सांगून टाका. आणि वजन कमी करण्यासाठी चघळत असाल, तर १९९९ मध्ये मोजलेला आकडा असा: तासाला ११ किलोकॅलरी.

निकोटीन गमची रीत निराळी

तंबाखू सोडण्यासाठीचा गम स्वीडनच्या ओव्हे फेर्नो यांनी तयार केला. पाणबुडीतल्या खलाशांना आत विडी ओढता येत नसे, म्हणून ते तंबाखू चघळत, त्यावरून ही कल्पना निघाली. पण बहुतेक लोक तो साध्या गमसारखा कचाकचा चावतात आणि मग मळमळ, उचकी, छातीत जळजळ झाली म्हणून सोडून देतात. सावकाश चावा, जिभेवर झिणझिण्या किंवा तिखट चव आली की थांबा आणि गोळी गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदलून पुन्हा ठेवा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, फळांचा रस नको, आम्लामुळे निकोटीन शोषलं जात नाही. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची गोळी, नाहीतर २ मिलिग्रॅमची. हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

घरात आणि घराबाहेर

पाच वर्षांखालच्या मुलांना गम देऊ नका, घशात अडकतो. पळताना, व्यायाम करताना मोठ्यांनीही नको. जुन्या चांदीच्या, म्हणजे पाऱ्याच्या मिश्रधातूने भरलेल्या दाढा असतील तर तासन्‌तास चघळणं टाळा, घर्षणाने थोडा पारा सुटतो. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचा गम कपाटात ठेवा, पिशवीत किंवा खिशात नको: कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं. खाल्ल्याचा संशय आला तर वाट न बघता पशुवैद्य गाठा.

वेष्टनाचा कागद गोळी संपेपर्यंत खिशात ठेवा, कारण चोथा त्यातच गुंडाळून कचऱ्यात जायला हवा. मातीत तो कुजत नाही. कपड्याला चिकटलाच तर ओढू नका. बर्फाचा खडा पिशवीत घालून त्यावर दहा मिनिटं धरा आणि कडक झाल्यावर चमच्याच्या कडेने खरवडा. केसांत अडकला असेल तर तिथे खोबरेल तेल चोळा आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरत या.